बोलक्या गळ्यात नळी

फिलिपाइन्समधल्या इलोइलोला शिडाच्या होड्यांची शर्यत म्हटली की समालोचनाचा माईक मानोंग, म्हणजे आमचे थोरले दादा, तेलेस्फोरोंच्याच हातात; तेओफिलो त्या माईकवर कधीचा टपलेला. ओरडून ओरडून स्वरतंतूवर गाठ आली, आवाज फाटला, तरी तोंड काही मिटेना. गाठ काढायला ते आमच्या ऑपरेशन थिएटरात आले. भूल देणाऱ्या हेर्मोसिया डॉक्टरांनी त्यांना तपासलं. मान आखूड, हनुवटी आत गेलेली, तोंड जेमतेम दोन बोटं उघडणारं.

"मानोंग, आधी झोपवलं आणि श्वास अडकला, तर नळी घालायला मला वाट सापडायची नाही. म्हणून जागेपणीच घालू. घसा बधिर करते. तुम्ही फक्त बोलू नका."

"मी कशाला बोलतोय!"

घशात औषधाचा फवारा मारला, नाकातून बारीक कॅमेरा सरकवला. पडद्यावर स्वतःचा घसा दिसला मात्र, मानोंग सुरू झाले, "कॅमेरा वळणावर आलाय! पडजीभ मागे पडली!"

ते बोलले की स्वरतंतू फटकन मिटायचे.

"मोठा श्वास घ्या."

त्यांनी घेतला. वाट उघडली. "बरा घेतला ना?" झालं, बंद!

असं तीनदा झालं. डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. मी शेजारी उभी असलेली नर्स. मला काही सुचेना, म्हणून दिली एक थाप ठोकून, "मानोंग, बाहेर तुमच्या बायकोनं रविवारच्या शर्यतीचा माईक तेओफिलोला दिला."

मानोंगनी असा काही दचकून श्वास ओढला! स्वरतंतू सताड उघडले. कॅमेरा आत, त्याच्यावरून नळी आत. आता ओठ हलत होते, हात हलत होते, आवाज मात्र शून्य. तेओफिलोच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला असणार.

"बसली नळी. द्या झोपेचं औषध," डॉक्टर म्हणाल्या. मानोंग बोट उगारलेल्या अवस्थेतच झोपले.

गाठ साधीच निघाली. मी बाहेर जाऊन त्यांच्या बायकोची, मानांग रोसेंदांची, माफी मागितली. "तुम्ही माईक तेओफिलोला दिलात, अशी थाप मारली हो."

त्या दचकल्या. "थाप कसली? आत्ताच तर देऊन आले! तुला सांगितलं कुणी?"

मानोंगना आठवडाभर बोलायला बंदी होती. रविवारी ते पाटी-खडू घेऊन तेओफिलोच्या शेजारीच खुर्ची टाकून बसले. त्यानं होडीचं नाव चुकवलं की पाटी वर. "गाढवा, ती निळी!" दुपारपर्यंत लोक होड्यांकडे पाठ करून पाटीच वाचत होते.