टेकडीवरच्या बॅटरीच्या अकाली निधनाबाबत

विषय : पहारा-चौकीतील बॅटरी निकामी झाल्याबाबत.

उपरोक्त विषयी मी, चौकीच्या भिंतीवरचा चार्ज कंट्रोलर, बोलतोय. छपरावरच्या सौर पॅनेलची वीज बॅटरीत भरायची आणि बॅटरी फार उतरली की मला जोडलेलं सगळं बंद करायचं, एवढंच माझं काम. तळाला गेलेली बॅटरी पुन्हा धड उभी राहत नाही, म्हणून मी मध्ये. मधला कुणालाच आवडत नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळलं.

चौकीत पहारेकरी एकटा. जंगलात धूर दिसला की वायरलेसवर खाली कळवायचं. खालच्या ठाण्यात वायरलेसवर त्याची धाकटी बहीण बसे. त्यामुळे "धूर नाही" एवढं सांगायला तासभर लागे.

"दादा, आजही भाजी करपवलीस ना?"

"तुला तिथवर वास आला?"

"आवाजावरून कळतं. बरं ऐक, आई म्हणत होती..."

इथे मी तोडलं. दिवस ढगाळ होते, बॅटरी उतरली होती.

"तोडलं मेल्याने! नेमकं आई काय म्हणाली तेव्हाच!"

दुसऱ्या दिवशी त्याने वायरलेसच्या तारा माझ्यातून उपटल्या आणि चिमटे लावून थेट बॅटरीला जोडल्या. "आता मध्ये बोल बघू!"

कुंपण काढून नेलं, तरी फाटकावर रखवालदार ठेवावा, तसा मी राहिलो. बॅटरी रोज तळ गाठे. मी लाल दिवा लावी. दिवा डोळ्यांवर येतो म्हणून त्याने माझ्यावर टोपी अडकवली. टोपीखालून मी आपलं कर्तव्य बजावत राहिलो. पुढे बॅटरी पटकन भरल्यासारखी दिसू लागली आणि तितक्याच पटकन रिकामी होऊ लागली. एका दुपारी, चांगलं ऊन असताना, "हॅलो"च्या मध्येच ती गेली.

बहीण धापा टाकत टेकडी चढून आली. "मला वाटलं, मेलास की काय!" मग तिने माझ्यावरची टोपी काढली. "हा कधीपासून लाल आहे?"

"तो काय, सारखा नाहीच म्हणतो."

"आईसारखा. तिचंही कुठे ऐकलंस?"

तिने स्वतः तारा माझ्यात घातल्या, स्क्रू आवळले. "नवी आली की ह्याच्यातूनच बोलायचं. तोडलं तर तोडलं. उरलेलं उद्या."

उजेड होता तोवर ती उतरून गेली.

नव्या बॅटरीच्या अर्जावर मुख्य कार्यालयाने विचारलं, कंट्रोलर असताना बॅटरी गेलीच कशी? शेरा पडला : कंट्रोलर सदोष असावा. खुलासा मला कुणी विचारला नाही.

आता संध्याकाळी पहारेकरी खालच्या ठाण्याला पांढरा झेंडा दाखवतो. "धूर नाही" सांगायला एक क्षण पुरतो. मग तो वायरलेससमोर येऊन बसतो. तारा माझ्यात घट्ट आहेत. तोडायला काही नाही.

अर्ज विचाराधीन आहे.