द्वापरयुगातली दुधाची बाटली

सुपेल्याच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. मखमली गादीवर एक काचेची बाटली बसली होती आणि शेजारी, जरा कमी मानाच्या गादीवर, गोरसबाबा.

"भक्तहो, हे गोकुळातलं भांडं! द्वापरयुगातलं! यावर देवलिपी आहे. जो पढेगा, वो अंधा हो जाएगा!"

बाटलीची अक्षरांची बाजू चंदनानं लिंपून बाबांकडे वळवलेली. लोकांकडच्या काचेतून ती उलटीसुलटी दिसत होती, लोक लांबूनच हात जोडत होते. बाबांनी कमंडलूतलं नितळ तीर्थ बाटलीत ओतलं, त्यात बासरी बुडवून फुंकली. बुडबुडे उठले आणि पाणी पांढरंफेक झालं. मैदान जयजयकारानं दणाणलं.

पंचफुलाबाईंनी मात्र नाक मुरडलं. शेजारच्या पॉवर हाउस वस्तीत त्यांचं भंगाराचं दुकान. शाळा दुसरीतच सुटलेली, पण बाटली अंगठ्यानं वाचायच्या. इथे त्या भक्तीनं नव्हे, सुनेच्या पाठोपाठ धावत आल्या होत्या. हर्षाच्या मांडीवर बाळ जुलाबानं मलूल पडलं होतं. डॉक्टरनं दिलेली जलसंजीवनी बाबांनी बंद करायला लावली होती, अंगावरचं दूधही. आता फक्त हे 'गोरस'.

"आई, एकच चमचा," हर्षा रडवेली झाली.

"लेकराच्या तोंडाजवळ नेशीन तर याद राख! थांब, आधी भांड्याच्या पाया पडून येतो."

पाया पडायला म्हणून त्या पुढे गेल्या आणि बाटली उचललीच. अंगठा बाजूच्या बारीक रेघेवरून वर सरकला.

"काहो बाबाजी, द्वापरात मशीन होती का?"

"माताजी, क्या बोल रही हो!"

"ही साच्याच्या सांध्याची रेघ. जुन्या कारागिराच्या बाटलीत ती मानेपाशीच संपते, कारण ओठ तो हातानं वळवे. हिची पार ओठावर चढली. म्हणजे मशीनचा माल, माझ्या लग्नाच्या आगंमागंचा!" मग गर्दीकडे वळून, "अन् तुमी रे? जिंदगीभर पोलादाच्या प्लांटात साचे जोडता, सांधा दिसला नाही तुमाले?"

"अंधी हो जाओगी!" बाबा ओरडले.

बाईंनी पदरानं चंदन पुसलं, अक्षर अक्षर जुळवत वाचलं, "खा...ली... बो...तल... वा...पस... क...रें."

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"ही तुमची देवलिपी! दूधवाल्यानं रिकामी बाटली मांगली, अन् तुमी उलट्या बाजूनं पाहून पाया पडून राहिले!"

त्यांनी कमंडलूत बोट बुडवून जिभेला लावलं. तंबाखू-चुन्याचा खर्रा खाणाऱ्या बाईला आणखी काय सांगायचं? "चुना! चुन्याची निवळी हाय ही. तोंडची हवा लागली का पांढरी होते." कमंडलूतलं तीर्थ पेल्यात घेऊन, रसवंतीवाल्याची नळी मागवून त्यांनीही फुंकलं. पाणी पांढरं! "सकाळपासून या तोंडातून शिव्याच निघून राहिल्या. त्याचंही गोरस झालं!"

हर्षाच्या हातातला चमचा गळून पडला. तिनं बाळाला पदराखाली घेतलं.

"चाल पोरी, दवाखान्यात. जाता जाता पाजत राह्य." मग बाई मैदानाला म्हणाल्या, "डोळे जाईन म्हणून कोनी सांगतलं, तर तिथंच आधी पाहा. वस्तू फिरवून पाहा, वास घ्या, विचारा. अन् लेकरू बिमार असलं तर डॉक्टरले दाखवा, गादीवरच्या बाटलीले नाही."

त्या निघाल्या, बाटली रिकामी करून, काखेत मारून.

"मेरी बोतल!" बाबा मागून किंचाळले.

"कावून रे? तुह्या देवानंच लिहिलं ना, वापस करा म्हणून? भंगारात वापस नेऊन राहिलो!"