जुसूअ म्हणजे राठपणा

“चिकटवायचा सरस आज पुन्हा करपलाय वाटतं. एवढ्या वर्षांत या दुकानाला एक खिडकी करायचं कुणाला सुचू नये!” वहिनी नाक मुरडत पुटपुटली.

ताईने ऐकलं, पण दोऱ्याला मेण लावणं थांबवलं नाही. धाकट्या भावाच्या अरबी-मराठी शब्दकोशाचे छापील फर्मे सकाळीच तिच्याकडे बांधणीला येऊन पडले होते. मुद्रकाला बिचाऱ्याला काय ठाऊक? नेहमीचं दुकान, म्हणून त्याने हातगाडी इकडेच वळवली. पहिल्याच पानावर भावाचं नाव होतं. एकट्याचं. फर्मे इकडे आल्याचं कळल्यावर भाऊ आणि वहिनी धावत आली होती.

कोश दोघा भावंडांचा. अरबी त्याचं, मराठी तिचं. तो जुन्या कोशांतले अर्थ सांगायचा, आणि नेम असा, की अर्थ हाताला लागल्याशिवाय मराठी शब्द ठरवायचा नाही. ‘जुसूअ’ आला तेव्हा याच टेबलावर वाळून वाकडं झालेलं कातडं, शिळ्या पावाचं टोक, वितळायच्या घाईत असलेला बर्फ, असा सगळा संसार मांडला होता. सुकून टणक होणं. पाणी गोठणं. जनावराचे पाय आखडणं. कामाने हात घट्टे पडून कडक होणं. या शेवटच्यासाठी वस्तू शोधावीच लागली नाही. भावाने तिचा तळवा चाचपला आणि ती म्हणाली, “राठ लिही. ‘कठीण’ लिहिलंस तर याच हाताचा मार खाशील.” दोघं पोट धरून हसली. तेव्हाच तो म्हणाला होता, कोशावर दोघांची नावं.

“कातडं तपकिरी घेतेस ना, ताई?” आता तो विचारत होता.

“घेते की. डाग पडला तरी कळत नाही त्यावर.”

“आणि कणा जरा मोकळा ठेव.”

“कण्याचं तू मला नको सांगूस.” तिने एक फर्मा पुढे सरकवला. “हे वाच.”

“जुसूअ. सुकून टणक होणे. पाणी गोठणे. कामाने हात...” तो अडला.

“का रे? छपाई तर स्वच्छ आहे.”

“ताई, प्रकाशकांचं म्हणणं पडलं, की पदवीवाल्याचंच... म्हणजे, पुढच्या आवृत्तीत बघू आपण.”

“काय बघू?”

“ते जरा राहून गेलंय ते.”

“काय राहून गेलंय?”

भाऊ कातड्याची कड खरवडत बसला. लहानपणी काच फुटली की असाच बसायचा, आणि आळ ती स्वतःवर घ्यायची. आज मात्र तिला वाटत होतं, याने एकदा तोंडाने म्हणावं. मग भांडता तरी येईल, रडता तरी येईल. त्याने हळूच विचारलं, “चहा सांगू का?”

“चहा कसला सांगताय?” वहिनीचा आवाज चढला. “आणि राहून कसलं गेलंय? माझ्यासमोर बसून काट मारलीत. वन्संचं नाव तुम्ही स्वतःच्या हाताने खोडलंत.”