भगवी पाखरं आणि सुरेखाची काठी

शनिवार, १३ डिसेंबर २००३. सकाळी साडेसातला वैशाखरे गावाजवळच्या तलावाकाठी एकेचाळीस चक्रवाक उतरले. दर हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी ही भगव्या पिसांची बदकं दोन वर्षं इथे उतरली नव्हती.

“बोला, देवी पावली!” धाकलू भगत ओरडला. दोनशे माणसांनी बांधावर डोकी टेकली.

भगताने बुधवारीच सांगितलं होतं, “देवीची पाखरं जाळ्याला भ्याली. काठावरची झोपडी हलवा. मी मंतरतो. तिसऱ्या सकाळी पाखरं हजर!” झोपडी सुरेखाची. मासे धरून पोट भरणारी बाई. शुक्रवारी गावाने तिच्या कुडाच्या भिंती उपटल्या. आता गाठोड्यावर बसून ती पाखरांमागे उभी असलेली आपल्या जाळ्याची काठी बघत होती.

ती उठली. “भगतबुवा, पाखरं मंतरानं आली का पानी उतरलं म्हनून?”

“गप गो! देवीपुढं तोंड चालवतेस?”

“चालवते. ती काठी बुधवारी गुडघाभर पान्यात व्हती. आज चिखलात हाय. पाखरं रोज वरून घिरट्या घालतच व्हती, चिखल दिसला तशी खायला उतरली. खालच्या नव्या वसाहतीसाठी पानी तुंबवून ठेवाया लागले, तवापासून चिखल नाय आन पाखरं पन नाय.”

“मग आताच पानी गेलं कुठं?” गर्दीतून भीमाबाईंनी विचारलं.

तलावाचं पाणी सोडायचं गेट बांधाच्या पलीकडच्या टोकाला. चावी पहारेकरी संजूकडे. संजू म्हणजे सुरेखाचा धाकटा भाऊ.

“दुरुस्तीसाठी बुधवारपासून सोडलंय,” तो खाली बघत म्हणाला. “भगतबुवांना आदीच सांगितलं व्हतं. सरपंचाला बोलून मला नोकरीत कायम करतो म्हनले.”

“म्हंजे देवीकडं गेटची चावी नव्हती तर!” कुणीतरी म्हणालं. भगताने ‘कलियुग, कलियुग’ करत पिशवी उचलली.

“आन माझी झोपडी, संजू?”

“वाटलं, तू आपल्या वाडीवर जाशील राहायला.”

भगताचा सुरेखाला राग आला नाही. त्याचा धंदाच तो. पण या भावाला तिने याच काठावर चिंबोऱ्या भाजून वाढवलं होतं. ती त्याच्याशी पुढे बोलली नाही, गर्दीशी बोलली.

“कोन रुसलं ते मागून बघा. आदी पानी मोजा. काठी पायजेल तर माझी न्या.”

१३ डिसेंबर २००४. गेट बंद, तलाव काठोकाठ. सकाळी चक्रवाकांचा थवा दोन घिरट्या घालून घाटाकडे गेला. यंदा जानेवारीत म्हसा गावच्या जत्रेत धाकलू भगताचा मंतरायचा मंडप होता. संजू कायम झालेला नाही. झोपडीचा विषय ग्रामसभेने पुन्हा पुढे ढकलला आहे.