लेखिकेच्या टेबलावरचा आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे, पण नजर अजून शाबूत आहे. कारागिराने लाकडी चौकट ठोकून मला शिंप्याच्या दुकानात पोहोचवलं. तिथे गिऱ्हाइकं माझ्यासमोर पोट आत ओढून उभी राहत आणि माझं कौतुक करत. टवका उडाला, तशी माझी रवानगी माळ्यावर झाली. गरज सरो नि वैद्य मरो!

तिथून मला विकत आणलं ते लेखिकाबाईंनी. त्यांची एक रीत होती. कादंबरीतल्या माणसाने रागात किंवा भीतीत काय केलं, हे लिहिण्याआधी त्या ते माझ्यासमोर करून बघत आणि जे दिसेल ते कागदावर उतरवत. मला फार अभिमान वाटे. मागे खिडकीपाशी त्यांची मोठी बहीण, ताई, शिवणयंत्रावर बसे. लोकांचे कपडे शिवून तीच घर चालवी, आणि मला रोज पुसणारीही तीच.

एका दुपारी संपादक घरी आले. कादंबरी संध्याकाळी छापखान्यात जायची होती. नाही गेली, तर तिच्या जागी दुसरं पुस्तक लागणार होतं आणि बाईंची इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती.

"तुमचा चोर खालचा ओठ चावतो," संपादक म्हणाले, "न्यायाधीशही चावतात, आणि चोराची आईसुद्धा."

ते ऐकून बाईंनी खालचा ओठ चावला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. माझ्यात रोज त्याच दिसत होत्या, मग कागदावर दुसरं कोण उतरणार?

संपादक बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. बाईंनी भराभर शब्द बदलले. कुठे ओठ दाताखाली धरला, कुठे मुडपला, कुठे आवळला. संपादकांनी पानं चाळून परत केली.

"कपडे तेवढे बदललेत हो. आतला माणूस तोच आहे."

बाईंनी आत येऊन मला दोन्ही हातांनी उचललं. आता मला भिंतीवर आपटणार, या भीतीने मी गारठलो. पण उचलताना मी तिरका झालो, आणि माझ्यात त्यांच्याऐवजी ताई दिसली. तिचं यंत्र थांबलं होतं. मांडीवरच्या शर्टाचं एकच बटण ती लावत होती, काढत होती, पुन्हा लावत होती.

बाईंनी माझ्यातून तिची बोटं नीट न्याहाळली. मग मला हळूच खाली ठेवून त्यांनी लिहिलं: निकालाची वाट बघणारी चोराची आई, मांडीवर मुलाचा शर्ट. दाराच्या फटीतून संपादक दिसत होते. ते मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर उपडं ठेवत होते. तेच न्यायाधीश झाले. ओठ एकट्या चोराकडे राहिला.

यावेळी संपादकांनी पानं वाचली, पिशवीत घातली आणि ते लगबगीने छापखान्याकडे निघाले. बाई ताईजवळ जाऊन बसल्या.

"ताई, तू कधीपासून अशी घाबरतेस गं?"

"तू लिहायला बसलीस की," ताई म्हणाली. "रोजच."

बाईंना रडू कोसळलं.

मित्रांनो, आरसा पुसत जा. टवका उडाला म्हणून त्याला माळ्यावर टाकू नका. आणि आपलं तोंड पाहून झालं की त्याला जरा तिरका करा. मागे कुणीतरी आपल्यासाठी जीव मुठीत धरून बसलेलं असतं.