तंबूगाडी आणि दसऱ्याचा हार

ट्रॅक्टर शेलूबाजारच्या आसपास कोणत्याही गावात दिसेल, पण तंबूगाडी फक्त आमच्या अंगणात आहे. हे मी शाळेत इतक्यांदा सांगितलंय की माझी मैत्रीण मंजू आता माझ्याआधीच वाक्य पूर्ण करते.

ही दोन चाकांची, जीपमागे जोडायची गाडी. बंद असली की नुसता लोखंडी डबा. झाकण उचललं की आतून जाड कापडाचा तंबू उभा राहतो आणि दोन्ही बाजूंना एकेक पलंग उघडतो. हरीओमकाकांनी ती पुण्यात जुनी घेतली. नागपूरला नोकरीवर जाताना किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "संस्कृती, हे आता तुह्याकडे." बाबांकडे नाही, माझ्याकडे! तेव्हापासून मी जरा उंच झालेय असं आई म्हणते.

दिवाळीच्या सुट्टीत आई, मी आणि मंजू ती जीपमागे जोडून लोणारला जाणार होतो. सहामाहीचा शेवटचा पेपर देऊन मी पळत घरी आले, झाकण उघडलं, आणि नाक दाबून मागे सरकले.

झालं असं होतं. दसऱ्याला आमच्याकडे ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, विळे, सगळं धुऊन पुजतात. मी त्या दिवशी कबड्डीच्या सरावासाठी मंगरूळपीरला होते. माझी गाडी मागे राहू नये म्हणून बाबांनी तीसुद्धा उघडली, तंबू कपड्याच्या पावडरीने घासून घासून धुतला, हळदीकुंकू लावलं, आत झेंडूचा हार टांगला आणि आपट्याची पानंही ठेवली. मग शेजारी सोयाबीनचं मळणीयंत्र सुरू झालं, धूळ नको म्हणून ओल्या कापडासकट झाकण लावून टाकलं. सगळं प्रेमानेच. हार आता काळा चिखल झाला होता आणि छतावर बुरशीचे ठिपके उठले होते.

बाबा आत डोकावले. मग म्हणाले की सडलेली वस्तू दारात कायले ठेवायची, बकऱ्यांचा व्यापारी धनसिंग कधीचा मागून राह्यला, रविवारी घेऊन जाईल.

मी आधी रडणार होते. नाही रडले.

"रविवारी तुमी आत बसा," मी म्हटलं. "मी वरून पाणी ओतते. गळलं तं धनसिंगकाकाची. नाही गळलं तं आमी लोणारले जातो."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं ते बाजारात नवीन गोऱ्ह्याकडे पाहतात. "माह्या अंगावर एक थेंबही पडला तरी गेली, बरं का."

मी काकांना फोन लावला. ते आधी खूप हसले, मग रीतसर सांगितलं. कापड पुरतं वाळव, बुरशी कोरड्या ब्रशने झाड, मग पाण्यात व्हिनेगर घालून पुस. पावडरीने पाणी अडवणारा थर निघून गेला असेल, तर कापडावर आणि शिवणींवर मेण घास आणि इस्त्रीने जिरव.

मंजू तांड्यावरून सायकलने आली आणि बुरशी बघून म्हणाली, "इले नाव तं ठेव. तुह्याहून जास्त दिवस हेच राह्यली यात." मग दोघींनी तोंडाला ओढण्या बांधून ब्रश चालवले. मेण म्हणून देवघरातल्या आणि लाइट जाते तेव्हाच्या सगळ्या मेणबत्त्या संपवल्या. मी बाहेरून इस्त्री फिरवायची आणि मंजूने आतून आधाराला आईचं पोळपाट धरायचं. त्या दिवशी आईने पोळ्या ताटावर लाटल्या आणि आम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने लाटणं आदळलं. चाकांत वंगण भरलं, टायरमध्ये हवा मारली.

शनिवारी मी रंगीत तालीम घेतली. बाबा पेपर घेऊन आत बसले, मी स्टुलावर चढून घागर ओतली. आतून आवाज आला, "पेपर ओला झाला वो बाई."

"कुठून गळलं?"

"कोपऱ्यातून. झालं आता. सोड."

"नाही झालं. कोपऱ्याची शिवण राह्यली. कापड नाही गळलं. आन् रविवार उद्या हाय."

मंजूने पोळपाट उचललं.

रविवारी धनसिंगकाका जीप घेऊनच आले, मागे दोर बांधायच्या तयारीने. मी त्यांना चहा दिला आणि थांबायला सांगितलं. बाबा आत गेले. मी एक घागर ओतली, मग दुसरी, मग मंजूने बादली आणली आणि तीही कोपऱ्यावरच ओतली. आतून काहीच आवाज नाही.

"दादा, झोपले काय?" धनसिंगकाकांनी विचारलं.

बाबा बाहेर आले. आधी कॉलर चाचपली, मग पेपर झटकून दाखवला. कोरडा खडखडीत.

"बकऱ्याइले दुसरी गाडी पाह्य, धनसिंग," ते म्हणाले. "हे लोणारले चालली."

मंजूने मला इतकं घट्ट धरलं की स्टूल हललं. धनसिंगकाकांनी गाडीच्या पत्र्यावर टिचकी मारली, चहा संपवला आणि म्हणाले की मग बकऱ्यांपेक्षा या पोरींचंच नशीब जोरावर.

जीप गेली. मळणीयंत्राची धूळ उडत होती, म्हणून सवयीने बाबांचा हात झाकणाकडे गेला. मी माझा हात मध्ये ठेवला.

"ओली हाय अजून."

त्यांनी हात मागे घेतला. मग शेजारी उभ्या ट्रॅक्टरवर चढले आणि त्याची सावली तंबूवर पडू नये म्हणून तो लांब नेऊन लावला.