दोरीवरची फडकी

जगन्नाथने काठीच्या टोकाने दोरीवरचं एक फडकं उचललं, नाक मुरडलं आणि ते तसंच पुन्हा दोरीवर टाकलं.

"आजही दोरी भरलेलीच. आणि म्हणे औषध लागू पडलं!"

रुक्मिणी पडवीत बसून केळं सोलत होती. तुकड्यात गोळी खुपसून तिने तो टिकलीपुढे धरला. म्हाताऱ्या कुत्रीने तो न चावता गिळला आणि शेपटी आपटली. पिल्लू असताना जगन्नाथनेच तिला चाफ्याच्या रिकाम्या टोपलीतून वाडीत आणलं होतं. कपाळावरचा पांढरा ठिपका बघून नावही त्यानेच ठेवलं.

आता टिकलीला झोपेत गळायचं. जाग आली की ती अंगाखालची ओल हुंगायची आणि मान खाली घालून कोपऱ्यात जाऊन बसायची. रुक्मिणीला ते बघवेना. लगेच ती तिला जनावरांच्या डॉक्टर जेनिफरकडे घेऊन गेली. पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालेल्या कुत्र्यांना उतारवयात असं होतं, तिला रागावू नका, असं म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. रुक्मिणीने जुन्या सुती साड्या फाडून, बंद शिवून, लंगोटासारखी फडकीही केली.

"श्रीपत येतोय टेम्पो घेऊन," जगन्नाथ म्हणाला. "टिकली चिंचोटीला राहील त्याच्या शेळ्यांपाशी. उद्या आपली अक्षदा बाळंतपणाला माहेरी येतेय. घरात तान्हं बाळ असणार, आणि ही अशी."

"साखळीला बांधून ठेवतो तो कुत्री. तिथे हिला गोळी कोण देणार?"

"मग काय करू? मला काय हौस आहे?" त्याचा आवाज चिरकला. जड त्यालाही जात होतंच. पण एकदा शब्द तोंडातून गेला की मागे घ्यायचा नाही, ही त्याची जन्माची खोड.

"अहो, खरंच कोरडी असते ती आता."

"मग ही दोरी खोटं बोलते?"

दोरी खोटं बोलत नव्हती. त्यातल्या बऱ्याच फडक्यांना बंदच नव्हते, पण बाईमाणसाचं काय वाळतंय ते पुरुषांना कधी दिसलंय! अक्षदा झाली तेव्हापासून रुक्मिणीलाही असंच गळायचं. खोकलं की, शिंकलं की, वजन उचललं की. लग्नात पुढच्या रांगेत बसायचं नाही, लांबच्या प्रवासाला नाही म्हणायचं, आपली फडकी न्हाणीत टॉवेलखाली अर्धीओली वाळवायची. टिकलीची फडकी अंगणात आली तेव्हा, खरं सांगायचं तर, तिला हायसंच वाटलं होतं. त्यांच्या आडोशाला तिचीही ऊन बघू लागली. त्याची फेड ही मुकी पोर करणार होती.

फाटकाशी हॉर्न वाजला. श्रीपत दोरखंड घेऊन आत आला.

"वहिनी, पानी पाजलंय ना हिला?"

त्याने गळ्यात दोरी बांधली तरी टिकली खूशच. फुलांच्या टेम्पोतून हिंडायची तिला जुनी सवय. तिने पुढचे पाय टेम्पोच्या फळीवर टाकले. मागचे काही उचलेनात. मग तिने मान वळवून रुक्मिणीकडे पाहिलं. नेहमी तीच उचलून चढवायची ना!

"चढव तिला," जगन्नाथ दुसरीकडे बघत म्हणाला.

रुक्मिणी वाकली. पोटाखाली हात घातला. टिकलीचं फडकं हाताला खडखडीत कोरडं लागलं. तिने जोर लावला, आणि जोर लावला की व्हायचं तेच झालं. पायावरून ऊन ओघळ उतरला.

तिने कुत्रीला खाली ठेवलं.

"नाही जाणार ही."

"रुक्मिणी, आता पुन्हा..."

"दोरीवरची सगळी तिची नाहीत. बंद आहेत ती तिची. बाकीची माझी."

"तुझी म्हणजे?"

"माझी म्हणजे माझी! अक्षदाच्या वेळेला टाके पडले, तेव्हापासून. आत्ताही झालं." आता थांबणं तिच्या हातात नव्हतं. "मलाही पाठवा चिंचोटीला. बांधतील शेळ्यांपाशी."

श्रीपत एकाएकी टेम्पोच्या चाकातली हवा तपासायला लागला.

जगन्नाथ खाकरला.

"श्रीपत, आत ये, चहा घे आणि मग जा. कुत्री नाही यायची."

तो दोरीपाशी गेला. काठी त्याने फणसाला टेकवून ठेवली. बिनबंदांची फडकी रुक्मिणीने मागच्या बाजूला, फणसाच्या सावलीत टाकली होती. त्याने त्यातलं एक हाताने काढलं, झटकलं आणि पुढे उन्हात नीट पसरून टाकलं. मग दुसरं काढलं.

"हिला लगेच डॉक्टरकडे नेलंस," तो पाठमोराच म्हणाला.

"हो."

"आणि स्वतःला?"

रुक्मिणी टिकलीच्या गळ्यातली गाठ सोडायला बसली. डोळे भरून आले होते, त्यामुळे ती काही सुटेना.